उन्हाळ्यात हवा कमी ठेवली की टायर फुटत नाही?

उसाच्या हंगामाच्या शेवटच्या खेपा चालू होत्या. सोलापुरात होटगी रोडवरच्या एका पंक्चरच्या दुकानापुढं भरलेली ट्रॉली उभी होती. दुकानदार म्हणाला, "मालक, ऊन लई हाय. ऐंशी पौंडच भरतो, जादा भरली तर फुटंल." टायरवर एकशे दहा (दर चौरस इंचाला इतके पौंड दाब) लिहिलेलं मी चष्मा लावून वाचलं, आणि मग काही मला गप्प बसवेना.

तापली की हवा फुगते, हे खरंच आहे. पण किती? टायरमधली हवा २७ अंशांवरून ६७ वर गेली असं धरा. केल्विनमध्ये ३०० चे ३४०. वातावरणाचा दाब हिशेबात धरला तर ११० पौंडांचे १२७ होतात. टायरवरचा आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ बनवणाऱ्यानं आधीच गृहीत धरलेली असते.

भार रबर उचलत नाही, मुख्यतः आतली हवा उचलते. एका चाकावर ३ टन असतील तर ११० पौंडांना जमिनीला टेकणारा भाग साधारण ३९० चौरस सेंटीमीटर, ८० पौंडांना ५३०. म्हणजे टायर तेवढा जास्त दबला, त्याच्या बाजूच्या भिंती तेवढ्या जास्त वाकल्या.

आता माझ्या आवडीची गोष्ट. रबरी चेंडू हातातून सोडा. तो पुन्हा हातापर्यंत येत नाही. राहिलेली ऊर्जा बरीचशी रबरातच उष्णता होऊन मुरते. रबराचे लांबलचक रेणू गंधकाच्या पुलांनी बांधलेले असतात, त्यांच्यामध्ये काजळीचे कण. वाकताना हे सगळं एकमेकांवर घासतं आणि सरळ होताना थोडं मागं राहतं. प्रतिबल (रबरावर पडणारा ताण) आणि विकृती (त्यानं बदललेला आकार) यांचा आलेख काढला तर जायची रेघ आणि यायची रेघ वेगळी पडते. मधे जो फुगीर डोळा तयार होतो, त्याचं क्षेत्रफळ म्हणजे एका वाकण्यात एकक घनफळात निघालेली उष्णता. ती वाकण्याच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढते: वाकणं सव्वापट, तर उष्णता दीडपटीहून जास्त. तीन मीटर घेराचं चाक किलोमीटरला सव्वातीनशेहून अधिक वेळा फिरतं, म्हणजे तीस किलोमीटरच्या खेपेत दहा हजार वेळा वाकतं. रबर उष्णतेचं चांगलं वाहक नाही, त्यामुळं ती आतच साठते. थर सुटतात आणि टायर जातो. फुटल्यावर दोष मात्र उन्हाला!

ट्रॉलीच्या मागं लिंबू-मिरची लटकत होतीच. नायट्रोजन भरून घ्या म्हणणारेही भेटतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, पैसे उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी.

टायर निवडायचा तर आधी कारखान्याच्या काट्यावर भरलेल्या ट्रॉलीचं वजन बघा, जमल्यास प्रत्येक आसाचं वेगळं. समजा चार चाकांवर मिळून १२ टन, म्हणजे चाकाला ३. टायरच्या बाजूवर भाराचा सांकेतिक अंक असतो: १४६ म्हणजे ३००० किलो, १४९ म्हणजे ३२५०, १५२ म्हणजे ३५५०. इथं १४६ कागदावर पुरतो. पण ऊस कधी समान रचलेला नसतो आणि वळणावर एका बाजूची चाकं जास्त दबतात. मी १५२ घेईन. जोडचाकांना (एकाच बाजूला शेजारी-शेजारी दोन चाकं) दुसरा, कमी अंक लागू होतो. आणि हा अंक पुऱ्या दाबालाच खरा. ८० पौंडांवर ११० चा टायर तेवढा उचलत नाही.

जुने लोक 'सोळा प्लाय' म्हणून टायर मागतात. एकेकाळी टायरच्या आत खरंच सुती कापडाचे थर असायचे, चादरींच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. आता नायलॉन किंवा पोलाद असतं. सोळा हे मजबुतीचं माप उरलंय, थर तितके नसतात. उगाच जाड टायरही घेऊ नये, जाड रबर वेगात जास्त तापतं.

त्या दिवशी दुकानदारानं शेवटी एकशे दहा भरली. "फुटली तर तुमच्या नावावर, सर," म्हणाला आणि पाच पावलं मागं सरकला.