ऑग्सबर्ग विश्वासांगीकार

ल्यूथरपंथीय ख्रिस्ती मंडळ्यांचे सर्वांत अधिकृत श्रद्धानिवेदन. २५ जून १५३० रोजी दक्षिण जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे, पवित्र रोमन साम्राज्याच्या राज्यसभेत, सम्राट पाचवा चार्ल्स याच्यापुढे ते मोठ्याने वाचून दाखवण्यात आले. मसुदा विटेनबर्गचा विद्वान फिलिप मेलांख्टन (१४९७–१५६०) याने केला. एकूण कलमे २८. पहिली २१ श्रद्धेविषयी आणि उरलेली ७ चर्चमधल्या ज्या प्रथा सुधारकांनी बदलल्या होत्या त्यांविषयी. जर्मन आणि लॅटिन हे दोन्ही पाठ त्याच दिवशी सादर झाले.

मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये पापक्षमापत्रांच्या विक्रीवर आक्षेप घेतला आणि १५२१ मध्ये वर्म्सच्या सभेने त्याला साम्राज्याच्या कायद्याच्या संरक्षणाबाहेर टाकले. तरी सॅक्सनी, हेसे यांसारख्या संस्थानांत आणि अनेक नगरांत सुधारणा रुजत गेली. १५२९ च्या शरद ऋतूत तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला. साम्राज्य एकजूट होणे सम्राटाला निकडीचे झाले आणि त्याने १५३० च्या जानेवारीत सभेचे बोलावणे धाडले. त्याचा सूर सौम्य होता: प्रत्येकाचे मत प्रेमाने ऐकून घेतले जाईल.

सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा अधिकार असलेला राजा) योहान याच्या मनात सुरुवातीला एवढेच होते, की आपल्या राज्यात मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना), उपवास, मठवासीयांचे नवस (आजन्म व्रते) यांत जे बदल झाले त्यांचे समर्थन सभेत मांडावे. तशी टिपणे टोर्गाऊ येथे तयारही झाली होती. ऑग्सबर्गला पोचल्यावर मात्र चित्र पालटले. योहान एक (Eck) या कॅथलिक पंडिताने सुधारकांच्या लेखनातून ४०४ विधाने वेचून प्रसिद्ध केली होती. त्यांत ल्यूथर, झुरिकचा सुधारक झ्विंग्ली आणि प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा देणारे पुनर्बाप्तिस्मावादी यांना त्याने एकाच पंगतीला बसवले होते. आता केवळ प्रथांचे समर्थन पुरेसे नव्हते. आपण नवा पंथ काढलेला नाही, प्राचीन चर्च जे मानत आले तेच आपण मानतो, हे दाखवणे भाग होते. म्हणून मेलांख्टनने श्वाबाख येथे १५२९ मध्ये ठरलेली कलमे हाताशी घेतली आणि निवेदनाला श्रद्धेचा पाया दिला. या दस्तऐवजाचे सारे वळण त्या आरोपाने ठरवले, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचा संयम नीट समजत नाही. त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा एक देव), ख्रिस्ताचे दैवी व मानवी असे दोन स्वभाव, मूळ पाप ही सर्वमान्य तत्त्वे आरंभीच येतात आणि ख्रिस्ताचे पूर्ण देवत्व नाकारणाऱ्या एरियससारख्यांच्या जुन्या पाखंडांचा नाव घेऊन निषेध होतो.

ल्यूथर स्वतः तेथे नव्हता. साम्राज्याची बंदी असल्यामुळे तो सॅक्सनीच्या दक्षिण सीमेवरील कोबुर्गच्या किल्ल्यात राहिला आणि पत्रांतून सल्ला देत राहिला. मसुदा त्याला पसंत पडला. आपल्याला इतक्या हळुवार पावलांनी चालणे जमले नसते, असे त्याने इलेक्टरला कळवले. पुढे जुलैमध्ये मात्र शोधनस्थान (मृत्यूनंतर आत्मे शुद्ध होतात असे कॅथलिक मानतात ते ठिकाण) आणि पोपची सत्ता यांवर मौन पाळल्याबद्दल त्याने नाराजी व्यक्त केली. ते मौन अनवधानाने झालेले नव्हते. समेटाची वाट उघडी ठेवण्यासाठी मेलांख्टनने ते जाणूनबुजून पत्करले होते.

सॅक्सनीचा चान्सलर क्रिस्टियान बायर याने जर्मन पाठ वाचला. वाचन सुमारे दोन तास चालले. निवेदनाखाली सह्या होत्या त्या धर्मपंडितांच्या नव्हेत, तर राज्यकर्त्यांच्या: इलेक्टर योहान, ब्रांडेनबुर्ग-आन्सबाखचा गेओर्ग, हेसेचा फिलिप आदी राजे आणि न्युर्नबर्ग व रॉयटलिंगेन ही दोन नगरे. मेलांख्टननेही पाळकदीक्षा कधी घेतली नव्हती. संसारी माणसांनी सम्राटापुढे उभे राहून आपल्या श्रद्धेची जबाबदारी स्वतःच्या नावावर घ्यावी आणि त्यासाठी राज्य पणाला लावावे, यातले धैर्य आजही मनावर ठसते.

निवेदनाचा गाभा चौथ्या कलमात आहे. माणूस स्वतःच्या कर्मांनी, पुण्याईने किंवा प्रायश्चित्ताने देवापुढे नीतिमान ठरत नाही. ख्रिस्ताखातर, कृपेने, विश्वासाच्या द्वारे ठरतो. जर्मन पाठात हे कलम काही ओळींचेच आहे. सत्कर्मे मग कशाला, या उघड प्रश्नाला सहावे आणि विसावे कलम उत्तर देते: ती करायचीच, पण त्यांवर भरवसा ठेवायचा नाही. सातव्या कलमानुसार चर्चच्या ऐक्याला शुभवर्तमानाची शुद्ध शिकवण आणि संस्कारांचे योग्य आचरण यांबाबत एकमत पुरेसे आहे; माणसांनी घातलेले विधी सगळीकडे सारखे असण्याची गरज नाही. दहाव्यात प्रभुभोजनात ख्रिस्ताचे शरीर व रक्त खरोखर उपस्थित असते असे म्हटले आहे. याच मुद्द्यावर आदल्या वर्षी मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली यांचे जमले नव्हते. शेवटच्या सात कलमांत भाविकांना भाकरीबरोबर द्राक्षारसही देणे, पाळकांचा विवाह, मिस्सा, पापनिवेदन, उपवासाचे नियम, मठवासीयांचे नवस आणि बिशपांची सत्ता हे विषय येतात.

कॅथलिक पक्षाने ३ ऑगस्टला खंडन वाचून दाखवले. त्याला उत्तर म्हणून मेलांख्टनने लिहिलेले ‘समर्थन’ सम्राटाने स्वीकारले नाही. ते १५३१ मध्ये छापले गेले. त्याच वर्षी सुधारक संस्थानांनी श्माल्काल्डेन संघ उभारला आणि पुढे विश्वासांगीकार हा संघात येण्याचा निकष बनला. १५४० मध्ये मेलांख्टनने दहाव्या कलमाची शब्दरचना सैल केली. त्या ‘बदललेल्या’ पाठावर काल्व्हिन या फ्रेंच सुधारकाच्या अनुयायांनाही सही करता येत होती. त्यावरून उठलेला वाद पुढे अनेक वर्षे चालला. १५५५ च्या ऑग्सबर्ग तहाने या विश्वासांगीकाराच्या अनुयायांना कायदेशीर मान्यता दिली. समेटासाठी लिहिलेला मजकूर अशा रीतीने वेगळ्या चर्चची सनद झाला.

ल्यूथरच्या मृत्यूनंतर (१५४६) त्याच्या अनुयायांतच फूट पडली. ती सांधण्यासाठी याकोब आंद्रेए, मार्टिन केम्निट्स आदींनी १५७७ मध्ये ‘एकमताचे सूत्र’ सिद्ध केले. ऑग्सबर्गच्या वाचनानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, २५ जून १५८० रोजी, ड्रेस्डेन येथे ‘एकमताचा ग्रंथ’ प्रसिद्ध झाला. त्यात तीन प्राचीन मतांगीकार, हा विश्वासांगीकार, त्याचे ‘समर्थन’, ल्यूथरच्या दोन प्रश्नोत्तरी (१५२९) आणि श्माल्काल्डेनची कलमे (१५३७), पोपच्या सत्तेवरील मेलांख्टनचा प्रबंध आणि १५७७ चे सूत्र आहे. डेन्मार्कने ‘सूत्र’ नाकारले. तेथे प्राचीन मतांगीकारांबरोबर हा विश्वासांगीकार आणि ल्यूथरची लघु प्रश्नोत्तरी एवढीच प्रमाण राहिली.

याच डॅनिश चर्चमध्ये पाळकदीक्षा घेऊन जर्मन मिशनरी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग १७०६ मध्ये तरंगंबाडी या तमिळ किनाऱ्यावरील डॅनिश वसाहतीत आला. वसाहतीच्या वेशीबाहेर तंजावरच्या भोसल्यांचे राज्य होते. त्याच परंपरेतला क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ पुढे तंजावर दरबारचा विश्वासू झाला आणि तुळजाराजांनी दत्तकपुत्र सरफोजीराजे यांची काळजी त्याच्यावर सोपवली.

१५३० मध्ये सादर झालेल्या दोन्ही मूळ प्रती हरवल्या आहेत. आजचे पाठ नकला आणि जुन्या छापील आवृत्त्यांवरून ठरवलेले आहेत. चौथ्या कलमाच्या विषयावर ल्यूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथेच संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. बिशपपद आणि पोपचा अधिकार यांविषयीचे मतभेद मात्र कायम आहेत.