ट्रकमधलं ईएलडी सरकारला सतत लोकेशन पाठवतं का?

अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज बरीच वर्षं फिरतोय: ‘ईएलडी, म्हणजे ड्रायव्हरच्या कामाच्या तासांची नोंद ठेवणारं इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस, तुमचं लोकेशन क्षणोक्षणी सरकारला कळवतं.’

तसं नाही. शंका येणं मात्र साहजिक आहे, कारण हे यंत्र इंजिनाला जोडलेलं असतं आणि लोकेशन नोंदवतं हे खरंच आहे. इंजिन सुरू-बंद झालं, ड्युटीची स्थिती (गाडी चालवणं, इतर काम, विश्रांती) बदलली की नोंद होते. गाडी सलग धावत असेल तर तासातून एकदा. तीही साधारण मैलभराच्या अचूकतेने. खासगी वापराची स्थिती निवडली की ही अचूकता आणखी सैल होते, सुमारे १० मैलांच्या परिघाइतकी. क्षणोक्षणी पाळत ठेवायला एवढं पुरणार नाही.

ही नोंद आपोआप सरकारकडे जात नाही. रस्त्यावर तपासणीला थांबवलं आणि अधिकाऱ्याने मागितलं की ड्रायव्हर स्वतः ती पाठवतो किंवा स्क्रीनवर दाखवतो: आजचा दिवस आणि मागचे ७ दिवस.

मालकाची गोष्ट वेगळी. बऱ्याच कंपन्या गाडीत स्वतःचं जीपीएस ट्रॅकिंगही ठेवतात, आणि ते खरोखर सतत चालू असतं. मला वाटतं, गैरसमजाचं मूळ इथेच आहे.

पडताळणी सोपी आहे. यंत्रावर तपासणीचा पर्याय उघडा आणि कालचा दिवस काढा. अधिकाऱ्याला दिसणाऱ्या नोंदी वेळेनुसार तिथेच दिसतील. कंपनीला आणखी काय दिसतं, ते डिस्पॅचरला, म्हणजे कंपनीत गाड्यांच्या फेऱ्या ठरवणाऱ्याला, विचारा.