रीफर वाहनाचे यंत्र आपोआप चालू-बंद कसे होऊ लागले

रीफर म्हणजे माल थंड राखून नेणारे वाहन किंवा कंटेनर. मालवाहतुकीतील शीतकरणाचा इतिहास सांगताना थंडी निर्माण करणाऱ्या यंत्राचे कौतुक होते. मात्र ते यंत्र माणसाच्या देखरेखीविना सुरू होणे, ठरलेले तापमान राखणे आणि गरज नसताना थांबणे हा या इतिहासाचा अधिक कठीण आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा भाग आहे.

थंडी एकोणिसाव्या शतकातच साधली होती. 15 फेब्रुवारी 1882 रोजी ‘डनेडिन’ हे शिडाचे जहाज न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्स बंदरातून गोठवलेले मांस घेऊन लंडनला निघाले. हवा दाबून आणि मग प्रसरण पावू देऊन ती थंड करणारे बेल-कोलमन पद्धतीचे यंत्र त्यावर बसवले होते. उष्ण कटिबंधातून जाताना थंड हवा मालाच्या कोठारात सगळीकडे सारखी फिरत नसल्याचे लक्षात आले, तेव्हा कप्तान व्हिटसन स्वतः आत शिरून करवतीने हवेसाठी जादा भोके पाडू लागले. ते गारठून मृत्यूच्या दारात पोहोचले आणि खलाशांनी त्यांना दोराने ओढून बाहेर काढले. माल सुस्थितीत लंडनला पोहोचला, पण तापमानाचे नियंत्रण तेव्हा किती माणसांवर अवलंबून होते, हे या एका प्रसंगावरून कळते.

जमिनीवर तर यंत्रही नव्हते. अमेरिकेतील रेल्वेच्या डब्यांत आणि पुढे ट्रकमध्येही बर्फ आणि मीठ भरले जाई. मिठाचे प्रमाण कमी-जास्त करणे एवढेच काय ते हाती असे. वाटेत ट्रक बंद पडला किंवा ऊन वाढले की बर्फ वेळेआधीच संपे आणि माल नासे.

ही अडचण 1938 च्या सुमारास अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिसमध्ये सुटू लागली. चित्रपटगृहांची ध्वनियंत्रणा बनवणारे जोसेफ न्यूमेरो आणि त्यांच्याकडे काम करणारे फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स यांनी ट्रकसाठी यांत्रिक शीतकरण युनिट तयार केले. त्यातूनच पुढे थर्मो किंग ही कंपनी उभी राहिली. जोन्स कृष्णवर्णीय होते, बालपणीच पोरके झाले होते आणि त्यांचे औपचारिक शिक्षण नाममात्र होते. शेतीच्या यंत्रांची दुरुस्ती करता करता ते अभियांत्रिकी स्वतःच शिकले होते. ट्रकखाली बसवलेल्या पहिल्या युनिटला रस्त्यावरची धूळ-चिखल सोसेना, म्हणून युनिट पुढे मालाच्या पेटीच्या दर्शनी भिंतीवर, उंचावर आले. आजही ते तेथेच दिसते.

जोन्स यांच्या पेटंटांची यादी पाहिली की त्यांचे लक्ष कोठे होते ते उमगते. पेट्रोल इंजिन आपोआप थांबवण्याच्या आणि सुरू करण्याच्या साधनाचे पेटंट त्यांना 1943 मध्ये मिळाले. 12 जुलै 1949 रोजी वाहनाच्या शीतयंत्राबरोबरच स्टार्टर-जनरेटरचेही पेटंट मिळाले. हा जनरेटर आधी मोटर होऊन इंजिन फिरवतो आणि इंजिन चालू झाले की बॅटरी भारित करतो. मिनेसोटाच्या हिवाळ्यात बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा कितीतरी थंड असते, त्यामुळे माल गोठू नये म्हणून तेच यंत्र उबही देऊ शकले पाहिजे, हा विचारही त्यांच्या कामात आहे. थर्मोस्टॅट (तापमानानुसार यंत्र चालू-बंद करणारे साधन) आणि तापमान-नियंत्रण पद्धतीचे पेटंट 1960 मध्ये मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. 1991 मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक जोन्स आणि न्यूमेरो या दोघांना मरणोत्तर देण्यात आले.

आजच्या डिझेल युनिटचे सुरू होणे याच वाटेने जाते. बटण दाबले की आधी ग्लो प्लग (डिझेल इंजिन पेटावे म्हणून आतून तापवणारे छोटे हीटर) तापतात, मग स्टार्टर इंजिन फिरवतो. ठरावीक प्रयत्नांत इंजिन सुरू झाले नाही, तर नियंत्रक अलार्म नोंदवून थांबतो. इंजिन सुरू झाल्यावर पेटीचे तापमान सेट पॉइंटपासून, म्हणजे ठरवून दिलेल्या तापमानापासून, दूर असेल तर ते जोरात चालते, जवळ आले की वेग उतरतो. तापमान सेट पॉइंटच्या खाली घसरू लागले, तर कॉम्प्रेसरमधून (शीतकरणाचा वायू दाबणाऱ्या यंत्रातून) निघणारा गरम वायू थेट आतल्या कॉइलमध्ये (एरवी पेटीतील हवा थंड करणाऱ्या नळ्यांत) सोडून ऊब दिली जाते. चालू-बंद पद्धतीत सेट पॉइंट गाठला की इंजिन थांबते आणि पेटीतील तापमान वाढले, बॅटरी उतरली किंवा इंजिन फार गार पडले, तर पुन्हा सुरू होते. कॉइलवर बर्फ साचला तर हवेची वाट अडते. म्हणून अधूनमधून तोच गरम वायू फिरवून डिफ्रॉस्ट केले जाते, म्हणजे तो बर्फ वितळवला जातो, आणि ती ऊब मालापर्यंत जाऊ नये म्हणून त्या वेळी आत हवा सोडणे थांबवले जाते.

पूर्वी हे सारे यांत्रिक थर्मोस्टॅटवर चाले, नंतर मायक्रोप्रोसेसर आले. त्यामुळे कोणत्या हवेचे तापमान मोजायचे, हा निर्णयही मालानुसार घेता येऊ लागला. गोठवलेल्या मालासाठी पेटीतून परतणारी हवा मोजली जाते. रीफर कंटेनरमध्ये ताज्या फळांसाठी आत सोडली जाणारी हवा मोजतात, कारण तीच अतिथंड झाली तर झोताजवळची फळे आधी बाधतात.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षांशी याचा थेट संबंध आहे. द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास राखावी लागतात, तर हापूस साधारण 13 अंशांच्या खाली गेला की थंडीने बाधतो. हे युनिट गार झालेला माल गार राखण्यासाठी असते, म्हणून प्री-कूलिंग, म्हणजे माल आधीच गार करणे, पॅकहाउसमध्येच (फळे निवडून पॅक करण्याच्या जागी) उरकावे लागते. पॅकहाउस ते न्हावाशेवा बंदर या रस्त्यावर कंटेनरला जेनसेटची (सोबतच्या डिझेल जनरेटरची) वीज मिळते, बंदरात आणि जहाजावर प्लगची.

छोट्या शीतवाहनांत मात्र कॉम्प्रेसर बहुधा गाडीच्याच इंजिनावर चालतो. घाटात गाडी अडकली आणि चालकाने डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद केले की शीतकरणही थांबते. काही गाड्यांत उभ्या असताना विजेवर चालणारी जादा मोटर असते, पण तिला जोडायला जवळ प्लग असावा लागतो.