ग्रिडमध्ये वायरलेस सेन्सर आले कुठून?

वीज कंपन्यांना लांबून कंट्रोल करायची हौस जुनीच आहे. युरोपात 1930 च्या दशकातच पॉवर लाईनवरून रिपल कंट्रोलचे सिग्नल (म्हणजे त्याच तारेतून जाणारे इशारे) सोडून लोड, म्हणजे वीज खाणारी उपकरणं, चालू-बंद करायचे. पुढे 1960 नंतर मोठ्या सबस्टेशनवर स्काडा (कंट्रोल रूममधून लांबची यंत्रं बघायची आणि चालवायची सिस्टिम) आलं, पण त्याच्या खाली डिस्ट्रिब्युशनमध्ये, म्हणजे ग्राहकापर्यंत वीज नेणाऱ्या लाईनवर, काय चाललंय ते कंट्रोल रूमला दिसायचंच नाही, फॉल्ट कळायचा तो ग्राहकाचा फोन आला की!

वायरलेस सेन्सरचं घराणं मात्र वेगळं, ते लष्करी. 1990 च्या दशकाच्या शेवटी बर्कलीच्या विद्यापीठात क्रिस पिस्टर यांनी डार्पाच्या (अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेच्या) पैशावर स्मार्ट डस्ट प्रोजेक्ट केला, त्यातून बॅटरीवर चालणारे छोटे मोट (सेन्सर आणि रेडिओ एकत्र असलेले) आणि त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम टायनीओएस वगैरे मंडळी पुढे आली. 2003 मध्ये अशा कमी विजेवर चालणाऱ्या रेडिओंसाठी आयईईई 802.15.4 स्टँडर्ड आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिका-कॅनडात साधारण 5 कोटी लोकांची लाईट गेली. ओहायोत लाईनला झोळ पडून त्या झाडांना टेकल्या आणि कंट्रोल रूममधलं अलार्म सॉफ्टवेअर आधीच बंद पडलेलं, म्हणजे नुसते सेन्सर लावून तेव्हा भागलं असतं असं मला तरी वाटत नाही. पण ग्रिडवर नजर हवी हे सगळ्यांना पटलं, 2007 मध्ये अमेरिकेत स्मार्ट ग्रिडचा कायदा झाला, 2009 मध्ये साडेचार अब्ज डॉलर आले.

खरी गंमत पुढे आहे. सगळ्यांना या सेन्सरवर आयपी, म्हणजे इंटरनेटचीच भाषा, हवं होतं, पण त्याची नवी आवृत्ती आयपीव्ही6 म्हणते किमान 1280 बाइटचं पॅकेट जायला पाहिजे आणि 802.15.4 ची फ्रेम (रेडिओवरून एका वेळी जाणारा तुकडा) जेमतेम 127 बाइटची, त्यातले 40 नुसता आयपीव्ही6 चा हेडरच (पत्ते वगैरेचा भाग) खाणार. म्हणून 2007 मध्ये 6लोपॅन आलं, हेडर दाबून बसवायचा आणि पॅकेटचे तुकडे करायचे. रेडिओचा त्रास वेगळाच, 2010 मध्ये गुंगोर वगैरे संशोधकांनी 500 केव्ही सबस्टेशनमध्ये आणि जमिनीखालच्या ट्रान्सफॉर्मर व्हॉल्टमध्ये (खोल्यांमध्ये) रेडिओ लिंक मोजल्या, तर लोखंडी सांगाडे आणि नॉइजमुळे लिंकची क्वालिटी सारखी वरखाली होत होती. 2012 मध्ये खास युटिलिटीसाठी 802.15.4जी आलं, मोठी फ्रेम आणि 1 गिगाहर्ट्झखालचे बँडसुद्धा, आणि मेशमध्ये (एका सेन्सरकडून दुसऱ्याकडे निरोप देत जाणाऱ्या जाळ्यात) वाट शोधायला आरपीएल हा प्रोटोकॉल.

तरी प्रोटेक्शनचं (फॉल्ट आला की लाईन तोडायचं) काम अजून बहुतेक फायबरवरच चालतं, कारण ट्रिपची, म्हणजे ब्रेकर उघडायची, कमांड काही मिलिसेकंदांत पोचावी लागते आणि तीनचार हॉप (टप्पे) मारत जाणाऱ्या मेशवर तेवढा भरवसा कोणी ठेवत नाही.