दहशतवादी हल्ला: खटला भरायचा की फौज धाडायची?

ऑक्टोबर १९३४ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर मारेकऱ्याच्या गोळ्यांनी पडला. वीस वर्षांपूर्वी सारायेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज असाच मारला गेला होता आणि महिनाभरात ऑस्ट्रियाने सर्बियाशी युद्ध पुकारलं होतं. या वेळी मारेकऱ्यांच्या संघटनेला हंगेरीने थारा दिल्याचा आरोप होता, पण तक्रार राष्ट्रसंघाकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेकडे गेली आणि लढाई टळली. त्यातून १९३७ मध्ये एक करार तयार झाला. दहशतवाद हा गुन्हा आहे, तेव्हा सगळ्या देशांनी मिळून तो रोखावा आणि त्याला शिक्षा करावी, असा त्याचा गाभा. त्याला रीतसर मान्यता देणारा देश एकच, तोही ब्रिटिशांच्या ताब्यातला भारत. करार कधी अमलात आलाच नाही.

१९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने बळाच्या वापरावर बंदी घातली. ५१ व्या कलमात एक दार उघडं ठेवलं: 'सशस्त्र हल्ला' झाला तर स्वसंरक्षण करता येईल. हा हल्ला कोणी केलेला असावा, हे कलम सांगत नाही. आजचा बराचसा वाद या मौनातूनच निघाला आहे. १९८६ मध्ये निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध नेलेल्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटलं की सशस्त्र टोळ्या पाठवणं, हल्ला पुरेसा मोठा असेल तर, सशस्त्र हल्ला ठरू शकतं. नुसती शस्त्रं पुरवणं मात्र नाही.

दहशतवादी हल्ला युद्ध की गुन्हा, या प्रश्नाचा सगळ्यात रोखठोक निवाडा मात्र विम्याच्या भांडणात झाला. सप्टेंबर १९७० मध्ये पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचं एक ७४७ विमान पॅलेस्टिनी संघटनेच्या दोघांनी पळवून कैरोला नेलं आणि प्रवासी उतरवून उडवून दिलं. विमा कंपन्यांनी हात वर केले: हे युद्ध आहे, आणि युद्धातलं नुकसान पॉलिसीत बसत नाही. १९७४ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने ते फेटाळलं. युद्ध सरकारांमध्ये, किंवा निदान सरकारसारख्या सत्तांमध्ये होतं; रणभूमीपासून हजारो मैलांवर प्रवासी विमान पळवणं हे युद्ध नव्हे. कंपन्यांना पैसे भरावे लागले.

युद्ध म्हटलं की आणखी एक पेच येतो: समोरचा सैनिक ठरू शकतो. नियमांत राहून लढलेल्या सैनिकावर केवळ लढल्याबद्दल खुनाचा खटला चालत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेच्या कैद्यांना नेमका हाच मान हवा होता. मार्च १९७६ पासून नव्या गुन्ह्यांसाठी साध्या गुन्हेगारांपेक्षा वेगळी वागणूक देणारा 'विशेष दर्जा' बंद झाला, तेव्हा त्यांनी कैद्यांचा गणवेश घालायला नकार दिला. १९८१ च्या उपोषणात दहा जण मेले. ब्रिटिश पंतप्रधान थॅचर बधल्या नाहीत. बॉम्ब फुटत होते, रस्त्यावर सैन्य होतं, तरी सरकारी भाषेत ते युद्ध नव्हतंच. मला हा हट्ट क्रूर वाटतो, पण त्यामागचा हिशेब पक्का होता.

११ सप्टेंबर २००१ नंतर तो हिशेब अमेरिकेने उलटा मांडला. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेने १३६८ क्रमांकाच्या ठरावात स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला आणि आठवड्याभरात अमेरिकी काँग्रेसने बळाच्या वापराला मंजुरी दिली. मात्र पकडलेल्यांना ना युद्धकैदी मानलं, ना साधे आरोपी. ते क्युबातल्या ग्वांटानामो या अमेरिकी तळावरच्या तुरुंगात पडून राहिले. जिनिव्हा करारातलं किमान संरक्षण त्यांनाही आहे, हे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत २००६ उजाडलं.

२०१५ च्या पॅरिस हल्ल्यांना अध्यक्ष ओलांद यांनी युद्धकृत्य म्हटलं; हयात आरोपींवर मात्र फ्रेंच फौजदारी न्यायालयातच खटला चालला, सप्टेंबर २०२१ पासून जून २०२२ पर्यंत. भारताच्या १८६० च्या दंडसंहितेत तर 'सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे' हा १२१ व्या कलमाखालचा गुन्हाच होता. कसाबला ज्या कलमांखाली दोषी ठरवलं, त्यात हेही होतं. मे २०२५ मध्ये, यापुढचा दहशतवादी हल्ला युद्धाची कृती मानला जाईल, अशी भारत सरकारची भूमिका पुढे आली. ज्या पहलगाम हल्ल्यानंतर ती आली, त्याचा तपास तेव्हा एनआयए करत होती.