टॅरोची छप्पन मुकी पानं

भविष्य सांगायला वापरतात त्या टॅरो पत्त्यांचा विषय निघाला की कुणीतरी इजिप्तचं नाव घेतंच. तिथल्या पुरोहितांनी आपलं गुप्त ज्ञान पत्त्यांत दडवलं, अशी कथा. ही कथा जन्मली मात्र पॅरिसमध्ये. १७८१ साली आंत्वान कूर द जेबलँ या विद्वानाने ती आपल्या ग्रंथात मांडली. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती. मग खोडून काढणार कोण?

त्याआधी तीनशेहून जास्त वर्षं टॅरो हा सरळसरळ पत्त्यांचा खेळ होता. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या दरबारांत सुरू झालेला. पेले, नाणी, तलवारी, काठ्या या चार रंगांची ५६ पानं आणि वर २२ चित्रपानं, त्यांतली २१ कायमची हुकमाची. गंमत म्हणजे हे चार रंग युरोपात पोचले ते ममलूक सुलतानांच्या काळातल्या इजिप्तमधल्या पत्त्यांवरूनच. पण तिथेही लोक डावच मांडत होते.

जेबलँनंतर भविष्यासाठी पत्त्यांचे खास जोड छापले गेले, एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढवाद्याने २२ पानांची सांगड २२ हिब्रू अक्षरांशी घातली, १८८८ मध्ये लंडनला गोल्डन डॉन ही गूढविद्येची मंडळी स्थापन झाली. जास्त लक्ष त्या २२ पानांवरच. उरलेली बहुतेक मुकीच होती: पंजा म्हणजे पाच पेले मांडलेले, बस्स.

त्यांना बोलकं केलं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने. ती आणि गूढविद्येवर लिहिणारा आर्थर एडवर्ड वेट, दोघंही गोल्डन डॉनमधले. वेटने काम सांगितलं, तिने १९०९ मध्ये काही महिन्यांत सगळी पानं रंगवली. तिचा पाच पेल्यांचा पत्ता बघा. काळा झगा पांघरलेली, मान खाली घातलेली एक व्यक्ती. समोर तीन पेले लवंडलेत. पाठीमागे दोन उभे आहेत, पण तिकडे तिचं लक्षच नाही. पलीकडे नदी, नदीवर पूल. हे पान पुढ्यात आलं की पाठ केलेला अर्थ आठवावा लागत नाही. माणूस आपसूक स्वतःच्या सांडलेल्या पेल्यांबद्दल बोलू लागतो. आज टॅरो ध्यानाला किंवा आत्मपरीक्षणाला वापरतात, ते माझ्या मते लेव्हीच्या अक्षरांपेक्षा या चित्रांमुळे जास्त.

या छप्पन पानांवर प्रसंगचित्रं काढणारी ती पहिलीच नव्हे. १४९१ च्या सुमाराच्या सोला बुस्का या इटालियन जोडात ती आहेत, आणि हृदयात घुसलेल्या तीन तलवारींचं तिचं पान त्या जोडातल्या पानाशी फार मिळतंजुळतं आहे. पण लंडनच्या लायसियम थिएटरच्या मंडळींबरोबर वावरल्याची खूण तिचीच: कित्येक पानांत माणसं रंगमंचावर उभी राहावीत तशी उभी आहेत आणि मागे पडदा रंगवल्यासारखा देखावा.

काम मोठं, पैसे अगदी थोडे, असं तिने तेव्हाच एका पत्रात लिहिलं होतं. जोड ओळखला गेला तो रायडर या प्रकाशकाच्या आणि वेटच्या नावाने. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. पानांच्या कोपऱ्यात तिची सापासारखी वळणदार सही मात्र आहे.