दिसायचं कुणाला, हे बिबट्या ठरवतो

गाडीतला रेडिओ खरखरतो. इंग्रजी बोलण्याच्या मध्येच 'इंग्वे' असा एक अनोळखी शब्द येतो, आणि गाईड काही न बोलता गाडी वळवतो. दक्षिण आफ्रिकेतल्या सबी सँडमध्ये पहिल्या दिवशी पाहुण्यांना यातलं काही कळत नाही, आणि कळू नये अशीच व्यवस्था असते. इंग्वे म्हणजे बिबट्या. सिंहाला, हत्तीला, गेंड्यालाही असेच तिथल्या स्थानिक भाषांमधले शब्द आहेत. रेडिओवर उघडपणे 'लेपर्ड' म्हटलं की मागच्या बाकांवर गलका होतो, आणि गाडी पोहोचेपर्यंत बिबट्या झुडपात शिरला की सगळ्यांचे चेहरे पडतात. त्यापेक्षा आधी न सांगितलेलं बरं. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत हे शब्द सगळ्यांना पाठ झालेले असतात, ते सोडा.

सबी सँड म्हणजे क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम कडेला चिकटलेलं, सुमारे ६५ हजार हेक्टरांचं खासगी अभयारण्य. जमीनमालकांनी एकत्र येऊन ते चालवलंय. १९९३ साली क्रूगरच्या बाजूचं कुंपण काढलं, तेव्हापासून जनावरं मोकळेपणी इकडून तिकडे जातात. हत्ती, गेंडे, सिंह, रानकुत्री, केप म्हशी, सगळं इथे आहे. पण जगभरातून लोक येतात ते बिबट्यासाठी. आणि तो दिसतोही. झुडपातून सटकणारी शेपटी नव्हे, पूर्ण बिबट्या, भर उन्हात, गाडीपासून दहा पावलांवर.

तो इथे इतका का दिसतो, याचं सोपं उत्तर म्हणजे 'तिथे बिबटे खूप आहेत'. खरं आहे, बिबट्यांची दाट वस्ती असलेल्या जगातल्या जागांमध्ये सबी सँडचं नाव येतं. पण दाटीनेच बिबटे दिसत असते, तर मुंबईकरांनी आफ्रिकेचं तिकीट काढायची गरज नव्हती. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र १०४ चौरस किलोमीटर. २०१५ मध्ये कॅमेरा ट्रॅप लावून उद्यान आणि आसपासच्या भागात मोजणी झाली, तेव्हा ३५ वेगवेगळे बिबटे सापडले. इतके बिबटे शेजारी असूनही तिथे वर्षानुवर्षं सकाळी फिरायला जाणाऱ्या कितीतरी माणसांना एकही दिसलेला नसतो. बिबटे असणं आणि बिबटे दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सबी सँडमध्येही पूर्वी ते दिसत नव्हते. १९७० च्या दशकात तिथला बिबट्या आपल्याकडच्यासारखाच रात्रीचा आणि बुजरा होता. १९७९ मध्ये लोंडोलोझी या भागात एक मादी गाडी पाहून पळेनाशी झाली. तिथल्या मालकांपैकी जॉन वार्टी आणि माग काढणारे एल्मन म्हलोंगो यांनी पुढची कित्येक वर्षं तिचा पिच्छा पुरवला: जवळ जायचं नाही, वाट अडवायची नाही, ती उठली की थांबायचं. तिची पिल्लं इंजिनाचा आवाज ऐकतच वाढली. त्यांना गाडी ही वारूळ किंवा पडलेल्या झाडासारखी वाटू लागली, जंगलात असणारी पण आपल्याशी संबंध नसलेली वस्तू. मग त्यांची पिल्लं, मग त्यांचीही.

याला सरावणं म्हणतात, आणि ते माणसाळण्यापेक्षा फार वेगळं आहे. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली, पण तिच्यामुळे ना इजा झाली ना फायदा, तर मेंदू हळूहळू तिची दखल घेणं सोडून देतो. घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येईनाशी होते, तसंच. खाऊ घातलं तर मात्र गणित बिघडतं, कारण मग गाडीला अर्थ येतो. म्हणून तिथे खायला घालणं नाही. आणि म्हणूनच गाईडची पहिली सूचना: बिबट्याजवळ उभं राहायचं नाही. बसलेली माणसं गाडीच्याच आकारात विरून जातात. कुणी फोटोसाठी उठलं की त्या आकारातून दोन पायांचा एक प्राणी वेगळा निघतो, आणि त्याची ओळख बिबट्याला पिढ्यानपिढ्यांची आहे.

तरीही त्याला शोधावं लागतंच. पहाटे, उजाडायच्या सुमारास, उघड्या गाडीच्या बॉनेटवर बसवलेल्या एका छोट्या आसनावर माग काढणारा बसलेला असतो. बोट वर होतं, गाडी थांबते. वाळूत ठसा आहे. आता प्रश्न ठसा कुणाचा हा नसतो, कधीचा हा असतो. दव पडल्यावर वाळूवर जी बारीक पपडी धरते ती ठशाने मोडली आहे, की ठशातही दव उतरलं आहे? रात्री फिरणाऱ्या किड्यांच्या नाजूक रेघा ठशावरून गेल्या आहेत, की ठशाने त्या पुसल्या आहेत? रेघ वर असेल तर बिबट्या किड्याच्या आधी गेला, म्हणजे आता तो लांब असणार. रेघ ठशाखाली दबली असेल तर माग काढणारा खाली उतरतो आणि चालू लागतो.

पायाखालची ही लिपी संपली की कान लागतात. इम्पाला हरणं नाकातून फुत्कारतात, खारी किचकिचाट करतात, आणि व्हर्वेट माकडं तर नेमकं कोण आलंय ते सांगतात. केनियातल्या अंबोसेलीमध्ये रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी या माकडांचे आवाज रेकॉर्ड केले आणि शत्रू आसपास नसताना लपवलेल्या स्पीकरवरून वाजवले. १९८० साली ते काम प्रसिद्ध झालं. बिबट्यासाठीचा आवाज वाजवला की माकडं झाडावर चढत. गरुडासाठीचा वाजवला की वर पाहत, झुडपात घुसत. सापासाठीचा वाजवला की मागच्या पायांवर उभी राहून गवत न्याहाळत. आवाज एकाच भीतीचा नव्हता, तीन वेगळ्या बातम्या होत्या. ताडोब्यात वानराने खाकरा दिला की आपले गाईड 'कॉल चालू आहे' म्हणून जिप्सी बंद करतात, ते याच बातमीपत्राचे वाचक.

पण ही बातमी फक्त भाऊबंदांसाठी असते का? ओरडणारं माकड स्वतःची जागा उघड करतं, मग त्याला काय मिळतं? आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलात रेडिओ कॉलर लावलेल्या बिबट्यांवर नजर ठेवली, तेव्हा दिसलं की माकडांनी ओरडा सुरू केला की बिबट्या दबा सोडून निघून जातो. म्हणजे ओरडा त्याच्यासाठीही असतो: तू दिसलास, आता वेळ घालवू नकोस. सिंह कळपाने येतात, चित्ता धावून गाठतो. बिबट्याकडे यातलं काही नाही. काही पावलांच्या अंतरावर येईपर्यंत न दिसणं, एवढीच त्याची पुंजी. ती गेली की शिकार गेली. मग तो उघड्यावरून, शेपटीचं टोक वर वळवून, खालचा पांढरा भाग दाखवत, हरणांच्या देखत आरामात चालत जातो. आपल्याला दिसणारा देखणा, निवांत बिबट्या कित्येकदा असा डाव फसलेला असतो.

मधे एक वासाची गंमत. गाडी जाता जाता कुणीतरी म्हणतं, पॉपकॉर्नचा वास येतोय. गाईड हसतो आणि वेग कमी करतो, कारण बिबट्याने झुडपावर मारलेल्या फवाऱ्याला तसा वास येतो. वाघाच्या फवाऱ्यालाही येतो, आणि तिथे त्याचं कारण कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारी यांनी शोधलं: २-असिटिल-१-पायरोलिन नावाचा रेणू. हाच रेणू गरम पॉपकॉर्नमध्ये असतो आणि सुवासिक तांदळातही. आफ्रिकेच्या गाईडला थिएटर आठवतं. मुळशी-मावळातल्या माणसाला आंबेमोहोराचं पातेलं आठवेल.

शेवटी बिबट्या सापडतो, आणि गाईड दुर्बीण लावतो ती त्याच्या ओठांकडे. मिशांच्या सर्वांत वरच्या ओळीच्याही वर काही सुटे ठिपके असतात. उजवीकडे तीन, डावीकडे दोन, असं मोजलं की कोण ते बहुधा कळतं. शंका उरली तर कपाळावरची आणि अंगावरची नक्षी आहेच. ही नक्षी आयुष्यभर बदलत नाही. सबी सँडमध्ये अशा ओळखपाळखीतून बिबट्यांच्या वंशावळी तयार झाल्या आहेत: आजी, आई, मुलगी, कुणाचा मुलुख कुठे, कुणी कुणाला हाकललं. लेकी बहुधा आईच्या मुलुखाला लागूनच संसार थाटतात, मुलगे दूर निघून जातात. गाईडांनी रोज लिहिलेल्या या नोंदी पुढे संशोधकांनी वापरल्या, आणि बिबट्याच्या खासगी आयुष्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातला मोठा भाग असा पर्यटकांच्या गाडीतून आलेला आहे. सहलीच्या धंद्यातून इतकं नेटकं विज्ञान निघालेलं मी तरी दुसरं पाहिलं नाही.

एक प्रश्न तर या नोंदींशिवाय सुटलाच नसता: बिबट्या शिकार झाडावर का नेतो? मारुलाच्या फांदीत लटकलेलं इम्पाला हे इथलं नेहमीचं दृश्य. (मारुला आपल्या आंब्याच्या कुळातला, दुसरं आवडतं झाड जॅकलबेरी, ते तेंदूच्या गोतावळ्यातलं.) स्वतःच्या वजनाएवढं धूड जबड्यात धरून सरळ खोडावर चढायचं, यात प्रचंड ताकद जाते. मग ती का खर्च करायची? दोन हजारांहून जास्त शिकारींच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की बिबट्या जवळजवळ निम्म्याच शिकारी वर नेतो. फार लहान असेल तर जागेवर खाऊन संपते, फार मोठी असेल तर उचलत नाही. मधल्या आकाराची वर जाते, आणि विशेषतः जिथे तरसांची वर्दळ असते तिथे. एवढं करूनही किमान पाचवा हिस्सा शिकार दुसऱ्यांच्या तोंडी पडते.

इथला ठिपक्यांचा तरस आपल्या पट्टेरी तरसापेक्षा मोठा, आणि तो कच्ची हाडं फोडतो. पर्यटक त्याला नाक मुरडतात. मला तो झाडाखाली बसलेला बघायला आवडतो. मान वर, तोंडाला लाळ, वरून ठिबकणाऱ्या रक्तावर लक्ष. एकटा तरस आला तरी बिबट्या बहुतेक वेळा शिकार सोडून देतो. नर बिबट्या साठ किलोचा असतो, लढू शकतो, पण लढत नाही. सिंहाचा पाय जायबंदी झाला तर कळपाने मारलेलं त्याला खायला मिळतं. बिबट्या एकटा. त्याचा पाय दुखावला की स्वयंपाकघर बंद. श्रीलंकेत सिंह नाहीत, वाघ नाहीत, तरसही नाहीत, आणि तिथले बिबटे शिकार क्वचितच झाडावर नेतात.

पिल्लांचा हिशोब मात्र वाचायलाही नको वाटतो. सबी सँडच्या नोंदींनुसार निम्म्याहून जास्त पिल्लं स्वतंत्र होण्याआधीच मरतात, आणि त्यामागचं सर्वांत मोठं कारण सिंह किंवा तरस नसून नर बिबटे आहेत. नवा नर मुलुखात आला की आधीच्या नराची पिल्लं मारतो, म्हणजे मादी लवकर पुन्हा माजावर येते. म्हणून मादी शेजारपाजारच्या एकाहून अधिक नरांशी जुगते. पिल्लू आपलंच असेल अशी शंका प्रत्येकाच्या मनात राहिली तर ते वाचायची शक्यता वाढते. आणि तान्ह्या पिल्लांना ती खडकांच्या कपारीत लपवून शिकारीला जाते, दर काही दिवसांनी जागा बदलते. अशा वेळी जबाबदार गाईड तिथे गर्दी करत नाहीत, रात्री दिवाही मारत नाहीत. पिल्लावर पडलेला झोत तरसालाही दिसतो.

आता जुन्नर आणि अकोले. तीच प्रजाती, पण कपारीच्या जागी उसाचा फड. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शेतीत कॅमेरे लावले, तेव्हा दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता. इथे तो दिवसा उसात पडून राहतो आणि रात्री बांधावरून फिरतो. सबी सँडमधल्या मादीने गाडी हिशोबातून वगळली. इथल्या मादीला माणूस वगळून चालत नाही.

ऊसतोडीच्या दिवसांत कोयत्यापुढे कधी पिल्लं सापडतात. मग फडावरचं काम थांबतं, वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात आणि दिवस कलताना त्यांना एका क्रेटमध्ये घालून, जिथे सापडली तिथेच ठेवतात. शेजारी एक कॅमेरा लावून सगळे लांब जाऊन बसतात. अंधार पडतो. नंतरच्या चित्रात दिसतं ते असं: मादी कडेने येते, थांबते, क्रेटभोवती एक फेरी मारते, पंजाने झाकण पाडते. एक पिल्लू मानेला धरून उचलते, चित्राबाहेर जाते, आणि दुसऱ्यासाठी परत येते.